40 मिमीचा चौकोनी आस लावला, तरी बारीक राणी मासा का येतो?

रत्नागिरीच्या एका ट्रॉलर मालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “गेल्या हंगामात खोल्याला (ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला) 40 मिमीचा चौकोनी आस (जाळीचं भोक) लावला. करंदी (कोळंबी) कमी झाली, हे खलाशी रोज बोलून दाखवतात. बारीक राणी मासा आणि ढोमी मात्र जवळजवळ पूर्वीइतकीच येते. मग या आसाचा उपयोग काय? आस आणखी मोठा करू, की जुना खोला परत चढवू?”

इतक्यात दोन्ही करू नका. तुम्ही जे पाहिलंत ते खरंच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यावरून ‘चौकोनी आस कुचकामी’ असं ठरवणं घाईचं होईल. बंदरावर आपण 35, 40, 45 असे आकडे बोलतो. माशाला आकडा कळत नाही. त्याच्यासमोर असतं ते भोक, आणि ओढ चालू असताना, जाळ्यावर ताण असताना, खोला अर्धा भरलेला असताना ते भोक किती उघडं आहे, एवढ्यावरच तो सुटतो की अडकतो हे ठरतं. ट्रॉलच्या जाळ्यांवर मी पंचवीसहून जास्त वर्षं काम करतो आहे. ‘नवा खोला चालत नाही’ अशी तक्रार आली की दहापैकी सात-आठ वेळा दोष आसाच्या आकड्यात नसतो, खोला शिवण्यात असतो. म्हणून आधी तुमचा खोला उलटून पाहू, मग मासळीकडे वळू.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक वाक्य: ट्रॉल जाळं म्हणजे तळालगत ओढत नेलेली नरसाळ्यासारखी मोठी पिशवी. तिच्या शेपटाला जी शेवटची छोटी पिशवी असते, जिथे सगळी मासळी जमते, तो खोला. जाळ्याचं तोंड कितीही मोठं असो, लहान मासा सुटणार की नाही याचा निकाल बहुतेक करून खोल्यातच लागतो.

आता आसाचं गणित. नेहमीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा. 40 मिमी आस म्हणजे समोरासमोरच्या दोन गाठी ताणून धरल्यावर आतलं अंतर 40 मिमी, म्हणजेच आसाची प्रत्येक बाजू 20 मिमी. जाळं ओढायला लागलं की सगळा ताण लांबीच्या दिशेने येतो आणि शंकरपाळं मिटत जातं. समजा त्याची रुंदी 10 मिमी उरली, तर उंची साधारण 39 मिमी होते. या फटीत बसणारं सर्वांत मोठं वर्तुळ जेमतेम 10 मिमी व्यासाचं, म्हणजे करंगळीसुद्धा जाणार नाही. तेच सूत, तीच 20 मिमीची बाजू, पण जाळं तिरकं कापून आस चौकोनी बसवला तर ताण आसाच्या उभ्या बाजूंवर येतो आणि भोक 20 बाय 20 उघडं राहतं. त्यात 20 मिमी व्यासाचं वर्तुळ बसतं, अंगठा सहज जातो. क्षेत्रफळ जवळपास 195 चौरस मिमीवरून 400 वर जातं. आकडा दोन्हीकडे 40 च, पण गोलसर अंगाच्या माशासाठी दार दुप्पट रुंद झालं. चौकोनी आसाचा फायदा तो एवढाच. पण ही वाढ चौकोन चौकोन राहिला तरच मिळते.

तुमचा खोला नेमका इथे फसला असावा असं मला वाटतं. पहिली गोष्ट, आस मोजा. कोरडा नको, दोन-चार ओढी झालेला ओला. सलग वीस आस घ्या, पाचराच्या आकाराची मोजपट्टी प्रत्येकात सारख्या जोराने सारा, आणि सरासरी काढा. काही वर्षांपूर्वी एका मालकाने 40 चं म्हणून विकत घेतलेलं जाळं मी धक्क्यावर मोजलं. वीस आसांची सरासरी 35 आली. बिलावर 40 लिहिलेलं होतं. ते माप गाठीच्या मधोमध धरून घेतलेलं होतं आणि आतली मोकळी जागा कोणी मोजलीच नव्हती. सूत जाड असलं की दोन्ही मापांतला हा फरक आणखी वाढतो. त्या माणसाने वर्षभर सरकारी नियमातला 40 चा आस लावल्याच्या समाधानात मासेमारी केली, आणि मासळी येत होती 35 ची. खरेदीच्या वेळी खिशात मोजपट्टी ठेवा. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्या.

दुसरी गोष्ट, जोड. वरच्या भागाला घेरात समजा 200 शंकरपाळी आस आहेत. चौकोनी खोला जोडताना आपले जाळी विणणारे सवयीने एकास एक जोडतात, म्हणजे 200 आसांना 200 चौकोनी बाजू. हिशेब करा: 200 गुणिले 20 मिमी म्हणजे चार मीटर घेर. ओढताना वरचा शंकरपाळी भाग तर दोन मीटरांच्या आसपास आकसलेला असतो. चार मीटरांचं कापड दोन मीटरांत कोंबल्यावर त्याला चुण्या पडतात, चुणीत एक आस दुसऱ्यावर बसतो, आणि तुमचा 20 बाय 20 चा दरवाजा मागच्या भिंतीने बंद होतो. साधारण नियम असा की दोन शंकरपाळी आसांना एक चौकोनी बाजू. म्हणजे 200 ला 100 बाजू, घेर दोन मीटर, कापड ताठ, भोकं मोकळी. प्रश्न आला तेव्हा ‘बारीक मासा तेवढाच’ हे शब्द वाचताच मला आधी हीच शंका आली. खोला बोटीच्या मागे उचलून धरा. पाणी निथळताना कापडाला उभ्या घड्या दिसल्या तर जोड चुकली आहे.

शंकरपाळी खोल्यालाही घेराचा हा नियम लागू आहे. घेरात आस जितके जास्त, तितकी प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रुंदी कमी आणि तो तितका मिटलेला. म्हणूनच युरोपात बऱ्याच तळमासेमारीत खोल्याच्या घेरात 100 हून जास्त आस चालत नाहीत आणि सुताच्या जाडीलाही मर्यादा आहे. मोठा आस दाखवून घेर वाढवायचा आणि जाड दुहेरी सूत वापरून भोक आवळायचं, ही पळवाट तिथल्या मच्छीमारांनीही शोधली होती. त्यानंतरच हे नियम आले.

तिसरी गोष्ट, वरून चढवलेलं किंवा आतून लावलेलं दुसरं जाळं. तळाशी घासून खोला फाटू नये म्हणून खालच्या बाजूला संरक्षक कापड लावतात, त्याला माझी हरकत नाही. पण ते वर पाठीपर्यंत गेलं, किंवा आत ‘करंदीसाठी’ बारीक आसाचं अस्तर शिवलं, तर बाहेरचा चौकोनी आस शोभेचा. तुमच्या खलाशांनी हंगामाच्या मध्यावर असं काही शिवलंय का, शांतपणे विचारा. विचारताना रागावू नका. त्यांचा वाटा मासळीच्या विक्रीवर ठरतो, करंदी कमी झाली की घरचे पैसे कमी होतात, आणि मग सुई-दोरा हातात घेणं साहजिक आहे.

आता पाण्याखाली काय होतं ते. खोल्यात मासळी जमायला लागली की तिच्या ओझ्याने शेपूट फुगतं, दुधी भोपळ्यासारखं. शंकरपाळी खोल्यात आस उघडे असतात ते त्या फुग्याच्या लगेच पुढच्या काही ओळींत. त्यापुढचे मिटलेले, मागचे मासळीने बुजलेले. मासा दमून मागे येतो, फुग्याजवळच्या खळबळीत धडपडतो, तेव्हा त्याला जी काही ओळ उघडी मिळेल तिथून निसटतो. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, ओढ जितकी लांब आणि खोला जितका भरलेला, तितका आस निकामी. तीन तासांची ओढ चार तासांवर नेली तर चौथ्या तासाला आलेल्या बारीक माशासाठी दार जवळपास बंदच. दुसरं, पावसाळ्यानंतर जेलीफिशचे थवे येतात तेव्हा खोल्याचा प्रत्येक आस त्या बुळबुळीत गोळ्यांनी बुजतो. अशा दिवशी कुठलाच आस काम करत नाही. तेव्हा जागा बदला किंवा ओढ आखूड ठेवा, आणि त्या दिवसांच्या आकड्यांवरून खोल्याचा निवाडा करू नका.

इतकं तपासल्यावर मग मासळीचे आकडे. आमच्या कामात एक मूलभूत माप आहे, त्याला एल-50 म्हणतात. ज्या लांबीचे निम्मे मासे खोल्यात अडकतात आणि निम्मे सुटतात, ती लांबी. उदाहरण घ्या, हे आकडे केवळ समजण्यासाठी. खोल्यातून सुटलेले मासेही दुसऱ्या जाळ्यात पकडून मोजले. 8 सेमीचे 50 राणी मासे आले, त्यांपैकी खोल्यात 5 राहिले. 10 सेमीचे 60, राहिले 15. 12 सेमीचे 80, राहिले 40. 14 सेमीचे 60, राहिले 45. 16 सेमीचे 40, राहिले 38. म्हणजे टक्के झाले 10, 25, 50, 75 आणि 95. निम्म्याचा टप्पा 12 सेमीला आला, हा तुमचा एल-50. पाव भाग अडकतो ती लांबी 10 आणि पाऊण भाग अडकतो ती 14, त्यांतला फरक 4 सेमी. ही निवडीची पट्टी. वहीच्या चौकटीच्या कागदावर हे ठिपके जोडले की एक तिरका इंग्रजी एससारखा वळसा दिसतो.

माझा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. आपण सगळे एल-50 बद्दल बोलतो, आणि पट्टीबद्दल कोणी बोलत नाही. आस मोठा केला की वळसा उजवीकडे सरकतो. 40 मिमीला 12 सेमी म्हणजे गुणोत्तर 3, मग त्याच सुताचा, त्याच पद्धतीने शिवलेला 45 मिमी आस लावला तर अंदाजे साडेतेरा सेमी. पण पट्टी 4 सेमीचीच राहिली तर तुमचे 14 आणि 15 सेमीचे, बाजारात भाव मिळणारे मासेही मोठ्या संख्येने जातील, आणि 10-11 सेमीचे काही तरीही येतीलच. मालक म्हणतो, ‘मोठा मासा गेला आणि लहान आलाच’, आणि त्याचं म्हणणं शब्दशः खरं असतं. पट्टी अरुंद करायची तर आकडा वाढवून उपयोग नाही. आस सगळ्या ओढींत, खोला रिकामा असो की भरलेला, सारखाच उघडा राहिला पाहिजे. म्हणून तुमच्या ‘आणखी मोठा करू का’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे.

आणि सगळ्या मासळीला एकच आस लागू पडत नाही. राणी मासा, चोर बोंबील, ढोमी यांचं अंग गोलसर-लांबट, त्यांना चौकोन मानवतो. पापलेटचं पिल्लू घ्या. सहा सेमीच्या पिल्लाची उंची साडेतीन सेमीच्या आसपास भरते, जाडी मात्र नखाएवढी. 20 बाय 20 च्या चौकोनाचा कर्णही 28 मिमीच. ते पिल्लू त्यातून जाऊच शकत नाही, उलट शंकरपाळी आसाच्या उभ्या फटीतून कदाचित निसटेल. लेपटीचंही तेच. उत्तरेकडच्या समुद्रांत चपट्या माशांच्या बाबतीत हे कित्येक वर्षांपासून माहीत आहे: गोल माशाला चौकोन, चपट्याला शंकरपाळं. त्यामुळे 2023 मध्ये राज्यमासा झालेलं आपलं पापलेट चौकोनी आसाच्या भरवशावर वाचेल असं कोणी सांगत असेल तर मला ते पटत नाही. पापलेटच्या पिल्लांसाठी ती ज्या काळात आणि ज्या पाण्यात एकवटतात तिथे जाळं न टाकणं, हाच मार्ग मला दिसतो.

करंदीची गोष्ट आणखी निराळी. मासा भोक शोधतो, जोर लावून घुसतो. कोळंबी तसं काही करत नाही. ती शेपटी झटकत मागे उडते, मिशा आणि पाय सुतात अडकतात, आणि ती चाळणीतल्या दाण्यासारखी योगायोगाने गळते. त्यामुळे आसाने कोळंबी नीट निवडली जात नाही, तिची पट्टी नेहमीच रुंद असते. म्हणून ‘करंदी कमी झाली’ हे टोपल्यांवर मोजू नका. किलोला किती नग बसतात ते मोजा, जुन्या खोल्याची आणि नव्याची, आणि मग भावाने गुणा. जाते ती बहुधा बारीक करंदी, जिचा भाव मुळात कमी. पण ‘बहुधा’वर थांबू नका, तुमच्या वजनकाट्यावर खात्री करा. भरलेल्या करंदीचंही खरोखर नुकसान होत असेल, तर तेही मान्य करून पुढे जायला हवं.

कारण एकाच खोल्यात 7-8 सेमीची करंदी ठेवायची आणि 10 सेमीचा राणी मासा सोडायचा, हे एका आसाकडून होणारं काम नाही. त्यासाठी दोघांना आत शिरतानाच वेगळं करावं लागतं. नॉर्वेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस नोर्डमोर भागातल्या एका मच्छीमाराने कोळंबीच्या जाळ्यातून जेलीफिश बाहेर काढायला तिरकी उभ्या गजांची जाळी बसवली. मग तज्ज्ञांना दिसलं की त्या गजांवरून मोठे मासेही वर सरकून छपरातल्या भोकातून बाहेर पडतात आणि कोळंबी गजांमधून पार होऊन खोल्यात जाते. 19 मिमी अंतराची ती नोर्डमोर जाळी तिथे लवकरच सक्तीची झाली. पण तिच्यातही एक उणीव राहिलीच: गजांतून मावणारी माशांची पिल्लं कोळंबीबरोबर आत जातात. म्हणून कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, आपल्या सीआयएफटीने, जे साधन बनवलं ते मला आपल्या पाण्यासाठी जास्त पटतं. त्यात गजांच्या जाळीमागे दोन खोले, वर एक आणि खाली एक. कोळंबी खालच्यात, मासे वरच्यात. मग दोघांचे आस वेगळे ठेवता येतात, वरचा मोठा आणि खालचा कोळंबीच्या मापाचा. 2005 मध्ये जागतिक ‘स्मार्ट गिअर’ स्पर्धेत या साधनाचा गौरव झाला होता. आपल्या धक्क्यांवर ते फारसं दिसत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोळंबी माशांच्या वजनाखाली चिरडत नाही आणि डेकवर निवडायला बसण्याचा वेळ वाचतो, नुसत्या या दोन कारणांसाठीही खलाशांनी ते एकदा वापरून पाहावं.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती सांगून टाकतो. कासव बाहेर काढणारं साधन, टेड, हे याच कुळातलं असलं तरी त्याचं काम निराळं आहे. त्याचे गज इतके विरळ असतात की कासवासारखं मोठं जनावर अडून बाहेर जातं आणि लहान सगळं आत. 2019 पासून अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं ते टेडच्या प्रश्नावरून. टेड लावाच, पण ते लावल्याने बारीक मासा सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका.

तुम्हाला तातडीने काही करून पाहायचं असेल तर मी चौकोनी आसाइतकाच एक दुसरा प्रकार सुचवेन. नेहमीचं शंकरपाळी जाळंच घ्यायचं, पण खोला शिवताना कापड 90 अंशांत वळवायचं. याला जगभर टी-90 म्हणतात, बाल्टिक समुद्रात कॉडसाठी तो कायदेशीर पर्याय म्हणून वापरला गेला. वळवल्यावर गाठींची ठेवण बदलते आणि त्यांच्या जाडीमुळेच आस पूर्ण मिटत नाही. फायदा कोकणातल्या माणसाला लगेच कळेल असा: चौकोनी कापड तिरकं कापताना बरंच जाळं वाया जातं, गाठी सरकतात, आणि फाटलं तर दुरुस्त करणारा हात सापडत नाही. तिरक्या कापाच्या कडेला आस उचलून विणणं आपल्या बहुतेक विणणाऱ्यांना अवघड जातं. मग ते शंकरपाळी विणूनच भोक बुजवतात, आणि दोन महिन्यांत चौकोनी खोला ठिगळाठिगळांनी शंकरपाळी होऊन बसतो. टी-90 मध्ये वीण नेहमीचीच. नॉर्वेत आणखी एक साधी युक्ती तपासली गेली आहे: खोल्याच्या कडेने धावणारे दोर कापडापेक्षा साधारण 15 टक्के आखूड ठेवायचे. ताण दोरांवर जातो, कापड सैल राहतं, आस आपोआप उघडतात. यात खर्च जवळजवळ शून्य. मात्र महाराष्ट्रात ट्रॉलच्या खोल्यासाठी 40 मिमी चौकोनी आसाचा नियम आहे. त्यामुळे दुसरा प्रकार लावण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याशी बोलून, चाचणी म्हणून लेखी परवानगी घ्या.

चाचणी कशी करायची हे सांगताना माझी एक जुनी चूक सांगितलीच पाहिजे. सुरुवातीच्या काळात मी चौकोनी खोल्यावरून बारीक आसाचं दुसरं जाळं पांघरलं, सुटलेले मासे पकडून मोजायला. बारा ओढी केल्या. पांघरलेल्या जाळ्यात जवळजवळ काहीच आलं नाही. मी अहवालात लिहिलं की चौकोनी आसाने फरक पडत नाही. पुढच्या वर्षी तोच प्रयोग करताना पांघरुणात मोठी कडी बसवली, जेणेकरून ते खोल्यापासून हातभर दूर राहील, आणि पांघरुणात टोपल्या भरून बारीक मासळी आली. पहिल्या वेळी पांघरूणच खोल्याला चिकटून बसलं होतं, भोकं मीच बंद केली होती. तो अहवाल मी मागे घेतला. पण मधल्या वर्षात दोन बोटींनी माझ्या शब्दावर जुने खोले परत चढवले होते, ते आजही मला बोचतं.

म्हणून तुम्ही पांघरुणाच्या भानगडीत पडू नका. साधा मार्ग घ्या: एक ओढ जुन्या खोल्याने, एक नव्याने, आळीपाळीने. तीच जागा, तीच खोली, तेवढाच वेळ, आणि दिवसाची ओढ दिवसाच्याच ओढीशी ताडून पाहायची. निदान बारा जोड्या. समुद्र ओढीगणिक बदलतो, दोन-तीन ओढींवरून काही ठरत नाही. प्रत्येक ओढीतून एक टोपली न निवडता भरा. हे महत्त्वाचं आहे, कारण वरवरची टोपली भरली की मोठा मासा जास्त येतो. मग राणी मासा एक सेमीच्या अंतराने आणि करंदी अर्ध्या सेमीच्या अंतराने मोजून वहीत रेघा मारा. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. एका बोटीवर मी तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या) मुलाला हे शिकवलं होतं, बारावीतला पोरगा. त्याने डेकच्या फळीवर खडूने सेमीच्या रेघा आखल्या, एका टोकाला लाकडाचा ठोकळा ठोकला, आणि मासा त्याला टेकवून वाचायचा. शंभर मासे वीस मिनिटांत. त्याच्या वहीतले आकडे मी आजही नव्या लोकांना दाखवतो.

या आकड्यांना कशाशी ताडायचं? 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेट 135 मिमी, बोंबील 180 मिमी, अशी यादी आहे. केरळने ही वाट आधी, 2015 मध्ये धरली, आणि राणी माशाच्या नेहमीच्या जातीसाठी तिथे 12 सेमी आहे. तुमच्या मुख्य मासळीची यादीतली लांबी बघा आणि तुमचा एल-50 तिच्या जवळ येतो का ते पाहा. एल-50 खूप खाली असेल तर डेकवर बेकायदा मासळी येत राहणार, ती उचलून समुद्रात टाकली तरी बहुतेक मेलेलीच असणार. खाली तळाशी आसातून निसटलेला मासा आणि डेकवरून परत फेकलेला मासा यांत हा मोठा फरक आहे. खाली निसटलेल्यांपैकीही खवले गेलेले काही मरतात, विशेषतः अगदी लहान आणि नाजूक, पण तळमाशांत जगणारे पुष्कळ असतात.

पैशांबद्दल शेवटी बोलतो, कारण तुमच्या प्रश्नात ते आहे. बारीक राणी मासा फिशमीलला (माशांच्या भुकटीला) जातो, मोठा सुरिमीच्या (माशांच्या लगद्याच्या) कारखान्याला किंवा बाजारात. दोन्हींच्या भावात किती अंतर आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण आज सोडलेला मासा उद्या तुमच्याच जाळ्यात येईल याची खात्री मी देऊ शकत नाही, तो शेजारच्या बोटीला मिळेल. एकट्या बोटीने आस बदलला तर तोटा तिचा आणि फायदा सगळ्यांचा. म्हणून हे काम मच्छीमार सोसायटीत मांडा. तुमच्या धक्क्यावरच्या पाच-सहा बोटी एकाच प्रकारचा खोला एकाच वेळी लावतील, एकाच वहीत आकडे लिहितील, तरच खलाशांची कुरकुर कमी होईल, कारण कोणाचाच वाटा शेजाऱ्यापेक्षा कमी पडणार नाही.

1 जून ते 31 जुलैच्या बंदीत जाळी किनाऱ्यावर असतात. तेवढ्यात आस ओला करून मोजा, जोड उसवून दोनास एक करा, अस्तर असेल तर काढा, आणि जुना खोला फेकू नका, चाचणीला तोच लागणार आहे. ऑगस्टमधल्या पहिल्या ओढीनंतर खोला विंचवर टांगलेला असताना एक फोटो काढा, उभ्या घड्या दिसतात का ते मला त्यावरून सांगता येईल.